उष्णता-पुनर्प्राप्ती वायुवीजन

उष्णता-पुनर्प्राप्ती वायुवीजन : बंद घरातील वापरलेली उबदार हवा बाहेर टाकताना तिच्यातील उष्णता आत येणाऱ्या ताज्या, थंड हवेस देण्याची पद्धती. दोन्ही प्रवाह एकमेकांत मिसळत नाहीत. त्यांच्यामधील पातळ पत्र्यातून किंवा पटलातून केवळ उष्णता पलीकडे जाते. थंड हवामानाच्या देशांतील घरांत ही पद्धती १९७३ नंतरच्या दशकात रूढ होऊ लागली. यंत्र अलीकडचे असले, तरी ज्या तंट्यातून ते निघाले तो तंटा फार जुना आहे. थंडीत घराची दारे-खिडक्या उघडावीत तर ऊब जाते, आणि लावून घ्याव्यात तर माणसांचा श्वास, चुलीचा धूर व ओलावा घरातच कोंडतो. ज्यांच्याजवळ मुबलक सरपण होते त्यांनी खिडकी उघडी ठेवली. इतरांनी ती बंद केली. आरोग्यशास्त्रज्ञांचा उपदेश या दुसऱ्या वर्गापर्यंत पोहोचला, पण त्यासोबत सरपण मात्र कधी पोहोचले नाही. या विषयाचा इतिहास पाहताना ही गोष्ट सतत ध्यानात ठेवावी लागते.

वायुवीजनापायी होणारा उष्णतेचा व्यय किती असतो, हे एका साध्या हिशेबावरून कळते. १०० चौ. मी. क्षेत्रफळाच्या घरात सु. २५० घ. मी. हवा असते. तिच्यापैकी निम्मी दर तासाला बदलावी असे धरल्यास १२५ घ. मी. ताजी हवा तापवावी लागते. एक घ. मी. हवेचे तापमान १° से. ने वाढविण्यास सु. ०·३४ वॉट-तास ऊर्जा लागते. बाहेर –२०° से. व आत २०° से. तापमान असेल, तर हा व्यय १,७०० वॉट होतो. म्हणजे एक मोठी विजेची शेगडी अहोरात्र केवळ बाहेर जाणाऱ्या हवेसाठी जळत राहते. यातील ८० टक्के उष्णता परत मिळविल्यास ३४० वॉटच लागतात. पुण्यात जानेवारीच्या पहाटे आतील व बाहेरील तापमानांत १०° से. चा फरक असला, तर हाच व्यय सव्वाचारशे वॉटच्या आसपास भरेल. परंतु पुण्यात घरे कोणी तापवीत नाही, त्यामुळे तो कोणाच्या हिशेबात येत नाही. महाराष्ट्रात वायुवीजनाचा प्रश्न निराळ्या वाटेने पुढे आला, त्याचे एक कारण हे आहे.

पूर्वेतिहास : यूरोपातील जुन्या घरांत भिंतीतील उघडी शेगडी खोली तापवी आणि धुराड्यावाटे खोलीतील हवा खेचून बाहेरही टाकी. वायुवीजन उत्तम होई, पण जळणातील बहुतेक उष्णता आकाशात जाई आणि दाराच्या फटींतून थंड हवेचे झोत पाठीवर येत. फ्रान्समधील नीकॉला गोजे यांनी १७१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात शेगडीमागे पोकळ मार्ग ठेवून त्यांतून बाहेरची हवा तापवून खोलीत सोडण्याची योजना वर्णिली आहे. बेंजामिन फ्रँक्लिन यांच्या पेनसिल्व्हेनिया शेगडीतही (१७४४ च्या पुस्तिकेत वर्णन) हेच तत्त्व होते : धूर ज्या पोकळ पेटीभोवतून जाई, त्या पेटीतून ताजी हवा येई. जाणाऱ्या उष्णतेने येणारी हवा तापवावी, ही कल्पना येथे स्पष्ट दिसते. मात्र उष्णता धुराची होती. खोलीतील वापरलेल्या हवेची उष्णता परत मिळविण्याचा विचार अद्याप कोणी केला नव्हता.

खोलीला हवा लागते तरी किती, या प्रश्नाला मोजमापाचे उत्तर म्यूनिकमधील माक्स फोन पेटेनकोफर यांनी दिले. घरांतील हवेच्या अदलाबदलीवरील त्यांचा ग्रंथ १८५८ मध्ये निघाला. श्वासोच्छ्‌वासातून येणारा कार्बन डाय-ऑक्साइड हा वायू त्या प्रमाणात स्वतः अपायकारक नसला, तरी तो माणसांनी दूषित केलेल्या हवेचा चांगला निदर्शक आहे, असे त्यांनी मानले आणि राहत्या खोलीत त्याचे प्रमाण हजार भागांत एक भागाहून अधिक नसावे अशी मर्यादा सुचविली. ही मर्यादा आजही वापरात आहे. विटांच्या भिंतींतूनही बरीच हवा आरपार जाते, या त्यांच्या मताने ‘भिंती श्वास घेतात’ ही समजूत पुष्कळ काळ टिकून राहिली; पुढील मापनांवरून ती हवा बव्हंशी फटींतून जाते असे दिसून आले.

लष्करी बराकी व खडकी : वायुवीजनाचे आकडे नियमांत उतरले ते प्रथम सैनिकांच्या निवासासाठी, आणि या प्रकरणाचा संबंध थेट पुणे परिसराशी येतो. पुण्याच्या ईशान्येस आळंदी मार्गावर असलेली विश्रांतवाडी ही ज्ञानेश्वरांच्या पालखीच्या वाटेवरील वस्ती. तिच्या दक्षिणेस येरवडा, पश्चिमेस मुळा नदीपलीकडे खडकीची छावणी आणि उत्तरेस कळस व दिघी येथील लष्करी क्षेत्र आहे. खडकी येथे १८१७ च्या लढाईनंतर इंग्रजांचे ठाणे वसले. हिंदुस्थानातील गोऱ्या सैनिकांचा मृत्यू लढाईपेक्षा रोगांनीच अधिक होत असे. १८५९ मध्ये नेमलेल्या राजकीय आयोगाने १८६३ च्या आपल्या अहवालात हे वार्षिक प्रमाण हजारी ६९ दाखविले. ठाण्याठाण्यांकडून प्रश्नावलीची उत्तरे मागविण्यात आली होती आणि त्यांत पुणे व खडकी ही ठाणीही होती. या उत्तरांचे परीक्षण करून फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी बराकींतील दाटी, घाण पाणी आणि कोंदट हवा यांवर कठोर टीका केली. पुढे पुण्याच्या सार्वजनिक सभेशीही त्यांचा पत्रव्यवहार होता.

या सुधारणांच्या मागे असलेल्या मंडळींत रॉयल एंजिनिअर्सचे कॅप्टन डग्लस गाल्टन हे प्रमुख होते. ब्रिटनमधील बराकी व रुग्णालये सुधारण्यासाठी नेमलेल्या ज्या आयोगाचे ते सदस्य होते, त्यानेच १८६४ मध्ये हिंदुस्थानातील ठाण्यांसाठी आरोग्यविषयक बांधकामांच्या सूचना तयार केल्या. ब्रिटनमधील कायम बराकींत दर सैनिकामागे ६०० घ. फुट जागा असावी असा नियम झाला होता. उष्ण प्रदेशासाठी उंच छत, समोरासमोर दारे, दोन्ही अंगांस पडवी आणि आढ्यावर हवा जाण्यासाठी झरोका ही रचना योग्य ठरली. छावण्यांतील जुन्या इमारतींत ती अजूनही पाहावयास मिळते. ब्रिटनमध्ये मात्र हेच झरोके सैनिक चिंध्या व कागद कोंबून बुजवीत. थंड हवेचा झोत अंगावर घेऊन झोपण्यापेक्षा कोंदट हवा त्यांना बरी वाटे. अधिकाऱ्यांनी याला अडाणीपणा म्हटले. गाल्टन यांनी मात्र शेगडी बदलली. त्यांच्या वायुवीजक शेगडीत बाहेरची हवा शेगडीच्या मागील कप्प्यात येऊन तप्त धुराड्याभोवती तापे व छताजवळच्या तोंडातून खोलीत पसरे. पॅरिसमध्ये जनरल आर्तूर मॉरँ यांनी केलेल्या चाचण्यांत साध्या शेगडीत जळणाच्या उष्णतेचा सु. अष्टमांश भाग उपयोगी पडतो, तर गाल्टन शेगडीत एक-तृतीयांशाहून थोडा अधिक, असे आढळले. झोपलेल्या माणसाने झरोका का बुजविला, याचे कारण ओळखून केलेली ही पहिली महत्त्वाची योजना म्हणावी लागेल.

महाराष्ट्रातील घर : पुणेरी वाड्यात खोल्यांना रस्त्याकडून प्रकाश-वारा बेताचाच मिळे; मुख्य वायुवीजन मधल्या चौकातून होई. जाड भिंती दिवसाची उष्णता साठवून रात्री हळूहळू सोडत. स्वयंपाकघराला धुराडे बहुधा नसे. धूर कौलांच्या फटींतून वाट काढी व वासे काळे होत. थंडी आली की घर तापविण्याऐवजी माणसे स्वतःस गोधडी-घोंगडीत गुंडाळून घेत. फार झाले तर अंगणात शेकोटी. पुण्याचे किमान तापमान १७ जानेवारी १९३५ रोजी १·७° से. पर्यंत उतरले होते, परंतु अशा रात्री थोड्याच.

या व्यवस्थेला एक अपवाद होता आणि तो दुर्लक्षिण्यासारखा नाही. बाळंतिणीची खोली ही मराठी घरातील एकमेव मुद्दाम तापविलेली खोली होय. खिडक्या बंद करून, फटी चिंध्यांनी बुजवून, खाटेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवीत. ओवा, बाळंतशेपा यांची धुरी देत. डॉक्टरांनी व सुधारकांनी या अंधाऱ्या, कोंदट खोलीवर पुष्कळ टीका केली आणि ती योग्यही होती. जळत्या कोळशातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू बंद खोलीत प्राणघातक ठरतो. परंतु नवजात अर्भकाला स्वतःच्या देहाची उष्णता टिकविता येत नाही, ही गोष्टही तितकीच खरी असून आधुनिक वैद्यकाने तिला पूर्ण मान्यता दिली आहे. ब्रिटिश सैनिकाने बुजविलेला झरोका आणि आजीने बुजविलेली फट यांमागील कारण एकच होते. ‘खिडकी उघडा’ एवढेच सांगणाऱ्या सल्ल्याने ऊब कोठून आणावी याचे उत्तर दिले नाही.

प्लेग : सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत उघडकीस आलेला प्लेग त्याच हिवाळ्यात पुण्यात पोहोचला. दूषित, कोंदट हवा हे रोगाचे कारण अशी समजूत अद्याप प्रबळ होती. मुंबईत घरांत ऊन-वारा यावा म्हणून छपरांची कौले काढण्यात आली. वास्तव्यास अयोग्य ठरलेल्या घरांवर तशी अक्षरे रंगविली. पुण्यात वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या प्लेग समितीने मार्च ते मे १८९७ या काळात सैनिकांकरवी घरोघर झडत्या घेतल्या, सामान बाहेर काढले, घरे धुऊन निर्जंतुक केली. या कारवाईने निर्माण झालेला क्षोभ आणि २२ जून १८९७ रोजी रँड यांच्यावर झालेला हल्ला हा इतिहास सर्वपरिचित आहे. १८९८ मध्ये पोल लुई सीमाँ यांनी उंदरावरील पिसू हे प्लेगच्या प्रसाराचे माध्यम असल्याचे दाखविले आणि पुढील दशकातील संशोधनाने ते सिद्ध झाले. म्हणजे प्लेगपुरते पाहता हवेचा दोष नव्हता. तथापि त्या भीतीतून निघालेले नियम टिकले आणि क्षयासारख्या हवेतून पसरणाऱ्या रोगांच्या दृष्टीने ते उपकारक ठरले. १८९८ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई शहर सुधारणा विश्वस्त मंडळाने पुढे ६३·५ अंशांच्या प्रकाशकोनाचा नियम धरला. त्यानुसार इमारतीलगतची मोकळी जागा समोरच्या उंचीच्या निदान निम्मी असावी लागे. महाराष्ट्रात वायुवीजन म्हणजे खिडकी व मोकळी जागा, हे समीकरण येथून पक्के झाले. यंत्राची गरज भासली नाही.

आधुनिक पद्धतीचा उदय : उष्णता साठवून परत देण्याचे तंत्र उद्योगांत आधीच सिद्ध झाले होते. रॉबर्ट स्टर्लिंग यांच्या १८१६ च्या एंजिनात आणि सीमेन्स बंधूंच्या भट्टीत ते होते. स्वीडनमध्ये फ्रेड्रिक ल्यूंगस्ट्रम यांनी १९२० च्या सुमारास बाष्पित्रांसाठी फिरत्या चाकाचा वायुतापक बनविला. धुराच्या प्रवाहात तापलेले चाक फिरून ताज्या हवेच्या प्रवाहात येते व तिला उष्णता देते. घरांसाठी असे काही करावे असे कोणास वाटले नाही, कारण तेल व कोळसा स्वस्त होते आणि घराच्या फटींतून पुरेशी हवा येत होती.

१९७३ च्या तेलसंकटाने हे चित्र पालटले. भिंतींत उष्णता-निरोधक थर भरले गेले, फटी बुजविल्या गेल्या. स्वीडनने १९७५ च्या बांधकाम नियमांत घरांच्या हवाबंदपणाची मर्यादा घातली. आणि लगेच जुना तंटा नव्या रूपात उभा राहिला : काचांवर पाणी साचू लागले, कोपऱ्यांत बुरशी आली, फर्निचरमधील फॉर्माल्डिहाइड व जमिनीतून येणारा किरणोत्सर्गी रेडॉन वायू आत साठू लागला. डेन्मार्कमधील लिंगबी येथे वॉन कोर्सगॉर व त्यांचे सहकारी यांनी १९७५ मध्ये बांधलेल्या प्रायोगिक शून्य-ऊर्जा घरात हवेतील उष्णता परत मिळविण्याची सोय होती.

कॅनडाच्या सस्कॅचवन प्रांतातील रिजायना येथे १९७७ मध्ये उभे राहिलेले ‘सस्कॅचवन कॉन्झर्व्हेशन हाउस’ हे या इतिहासातील विशेष महत्त्वाचे घर होय. तेथे हिवाळ्यात तापमान –३०° से. खाली जाते. हॅरल्ड ऑर यांच्या मार्गदर्शनाखाली ते जवळजवळ हवाबंद बांधले गेले आणि त्यात नेहमीची भट्टीच बसविली नाही. सस्कॅचवन विद्यापीठातील रॉबर्ट बेझंट, रॉब ड्यूमाँट व डिक व्हॅन ई यांनी त्यासाठी हवेचा उष्णता-विनिमयक तयार केला. प्लायवुडच्या पट्ट्यांवर ताणलेले प्लॅस्टिकचे तक्ते आणि त्यांमधून आलटून-पालटून जाणारे दोन प्रवाह, एवढीच त्याची रचना. विद्यापीठाने तो घरी बनविण्याची कृती छापून वाटली. महागडे यंत्र विकण्याऐवजी कृती वाटण्याचा हा निर्णय प्रस्तुत लेखकास यंत्राइतकाच मोलाचा वाटतो. यानंतर कॅनडात ‘आर-२०००’ या घरबांधणी कार्यक्रमाने या पद्धतीस अधिकृत स्थान दिले. जर्मनीत व्होल्फगांग फाइस्ट यांनी स्वीडनमधील बू आडामसोन यांच्याशी झालेल्या विचारविनिमयातून डार्मश्टाट येथे १९९०-९१ मध्ये चार जोडघरे बांधली. ‘पासिव्हहाउस’ म्हणून प्रसिद्ध असलेल्या या प्रकारात दर चौ. मी. ला वर्षाकाठी १५ किलोवॉट-तासांपेक्षा अधिक तापन-ऊर्जा लागू नये अशी अट आहे आणि ८० टक्क्यांच्या आसपास उष्णता परत दिल्यावाचून ती पाळता येत नाही.

रचना व दोष : सर्वसाधारण यंत्रात दोन पंखे, दोन गाळण्या आणि पातळ पत्र्यांचा विनिमयक असतो. स्नानगृह व स्वयंपाकघर यांतून हवा ओढली जाते, निजण्याच्या व बसण्याच्या खोल्यांत ताजी हवा सोडली जाते. प्रवाह परस्परविरुद्ध दिशांनी नेल्यास उष्णता अधिक मिळते. कडक थंडीत बाहेर जाणाऱ्या हवेतील बाष्प पत्र्यांवर गोठून वाट अडवते, म्हणून बर्फ वितळविण्याची सोय ठेवावी लागते. बाष्पही आरपार जाऊ देणारी पटले वापरल्यास उष्णतेबरोबर आर्द्रताही परत मिळते.

यंत्र बसविले म्हणजे हवा शुद्ध झाली असे होत नाही. नेदरलँड्समधील आमर्सफोर्ट शहराच्या व्हाटहॉर्स्ट या नव्या वसाहतीत २००० नंतरच्या दशकात रहिवाशांनी प्रकृतीच्या तक्रारी केल्या. तपासात अपुरा वायुप्रवाह, पंख्यांचा आवाज व सदोष मांडणी आढळली. आवाज नको म्हणून लोक पंखा मंद करीत. बुजविलेल्या झरोक्याचीच ही नवी आवृत्ती होती. गाळणी वर्षानुवर्षे न धुणे हा तर सार्वत्रिक दोष आहे. कॅनडासारख्या देशात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना आणखी एक बाब ध्यानात ठेवावी लागते. फोडणीचा तेलकट धूर विनिमयकाच्या पत्र्यांवर बसतो, म्हणून चुलीवरील धूरशोषक वेगळा व थेट बाहेर जाणारा हवा.

भारतातील थंड प्रदेश : भारतात या पद्धतीचे खरे क्षेत्र लडाख, स्पिती यांसारखे प्रदेश होत. लडाखी घरांत जाड मातीच्या भिंती व लहान खिडक्या असतात. हिवाळ्यात सारे कुटुंब चुलीच्या खोलीत एकत्र राहते. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत तेथील गावकऱ्यांच्या, विशेषतः स्त्रियांच्या, उच्छ्‌वासात हिवाळ्यात कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण वाढलेले आढळले. सैनिकांच्या निवाऱ्यांत केरोसिनची बुखारी हे उबेचे मुख्य साधन राहिले आहे, आणि बंद खोलीतील बुखारीने किंवा कोळशाच्या शेगडीने गुदमरून मृत्यू झाल्याच्या बातम्या काश्मीर-लडाखमधून हिवाळ्यात येतात. खडकीच्या बॉम्बे इंजिनिअर ग्रुपमध्ये शिकून निघालेल्या मराठी तरुणांसाठी हा प्रश्न पुस्तकी नाही. १९६२ च्या युद्धानंतर व विशेषतः एप्रिल १९८४ पासून सियाचीनवर तैनाती सुरू झाल्यावर उंच प्रदेशातील निवारे हा लष्करी अभियंत्यांच्या नित्य कामाचा भाग झाला. सोनम वांगचुक यांनी २०२१ मध्ये सैनिकांसाठी सौर उष्णतेवर तापणारा तंबू तयार केला, तो केरोसिन टाळण्याच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. उष्णता-विनिमयक तेथे बसविताना मात्र यूरोपातील आकडे जसेच्या तसे चालत नाहीत. लेहसारख्या सु. ३,५०० मी. उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे दोन-तृतीयांश असते. त्यामुळे तेवढाच प्राणवायू देण्यास पंख्याने दीडपट घनफळ हवा हलवावी लागते. वीज खंडित झाल्यास पंखे थांबतात, म्हणून उघडता येणारा झरोका तरीही ठेवावा लागतो.

पुण्यासारख्या ठिकाणी ही पद्धती उलट दिशेने उपयोगी पडते : उन्हाळ्यात वातानुकूलित इमारतीतून बाहेर जाणारी गार हवा आत येणाऱ्या तप्त हवेस थंड करते. भारताच्या २०१७ च्या ऊर्जासंधारण इमारत संहितेने मोठी रुग्णालये व हॉटेले यांतील ज्या वातानुकूलन यंत्रणा बव्हंशी बाहेरची हवा घेतात, त्यांना उष्णता-पुनर्प्राप्ती आवश्यक केली आहे. घरांना असे बंधन नाही. विश्रांतवाडी, धानोरी परिसरातील नव्या सदनिकांत खिडकी आहे, पण रहदारीची धूळ, आवाज व डास यांमुळे ती रात्री बंद असते आणि भिंतीवरील वातानुकूलक आतील हवाच पुनःपुन्हा थंड करतो. बाहेरची हवा तो आणीत नाही. ३० घ. मी. च्या घट्ट बंद शयनगृहात झोपलेली दोन माणसे तासाला सु. २६ लिटर कार्बन डाय-ऑक्साइड सोडतात. बाहेरच्या हवेत आज त्याचे प्रमाण हजारी ०·४ हून थोडे अधिक आहे. या हिशेबाने पेटेनकोफर यांची हजारी एकची मर्यादा पहिल्या तासाच्या आतच ओलांडली जाते.